भंडारा न पुसता

सांगोल्याच्या बाजाराला निघालेला डोंगरपिंपळीच्या धनगरवस्तीतला माणूस वाटेतल्या ओढ्यावर थांबतो. ओढ्याला पाणी असलं तर पाण्यानं, आणि नसलं (बहुतेक नसतंच) तर धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसतो आणि मगच पुढं होतो. कारण साधं आहे. सकाळी लावलेला बिरोबाचा भंडारा कपाळावर असेतोवर खोटं बोलायचं नाही, ही या वस्तीतल्या बारा घरांची रीत. आणि खोटं बोलल्याशिवाय मेंढरू काही विकलं जात नाही. दात झिजून गेलेली म्हातारी मेंढी 'अजून पोरसवदा हाय बगा' म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची तर कपाळ कोरं पाहिजे. परत येताना त्याच ओढ्यावर कनवटीच्या पिशवीतली चिमूटभर हळद पुन्हा कपाळाला लावायची, की माणूस परत देवाचा. बिरोबालाही ही सोय मान्य असावी. निदान आजवर त्यानं तक्रार केलेली नाही.

वच्छला आक्कानं मात्र उभ्या जन्मात कपाळ पुसलं नाही. नवरा कोंडीबा होता तोवर बाजार त्याच्याकडं होता, त्यामुळं प्रश्नच आला नाही. तो गेला आणि बाजाराची पाळी तिच्यावर आली. ती ओढ्यावर थांबलीच नाही. मेंढी पुढं धरून म्हणाली, "हिला मागल्या साली खुरी झालीती. आता बरी हाय, पर पावसात लंगडती." व्यापारी हसायचे, भाव पाडायचे आणि पुढच्या बाजारी पुन्हा तिच्याकडंच यायचे. कोंडीबा असता तर त्यानं कपाळ बडवून घेतलं असतं. पण हळूहळू त्या बाजारात अशी वेळ आली की दोघांत वाद पडला तर तिसरा म्हणायचा, "आक्काला इचारा, ती कपाळ पुशीत न्हाय."

आक्काचं लग्न झालं तेव्हा ती पंधराची. मंगळवेढ्याकडचं माहेर. दुसऱ्याच वर्षी सासू वारली आणि पाच वर्षांचा दीर, अभिमन्यू, तिच्या ओटीत आला. ओटीत म्हणजे खरोखरीच ओटीत. दिवाळीनंतर मेंढरांची खांड घेऊन भीमाकाठी निघायचं तर एवढ्या पोराला चालवायचं किती? मग घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड लादायचं, त्याच्यावर कोंबड्यांची डालगी आणि डालगीशेजारी अभिमन्यू. पडू नये म्हणून ती त्याला मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या दोरीनं बांधायची. स्वतः पोटुशी असताना घोडीचा कासरा धरून ती चालायची आणि वर बसलेला दीर तिला रस्त्यावरचे दगड मोजून दाखवायचा. तिथंच तिला वाटलं, हा मोजणारा पोरगा आहे, याला शाळेत घालू. कोंडीबा नको म्हणत होता. आक्कानं दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी अभिमन्यू सांगोल्याच्या वसतिगृहात गेला.

वस्तीतला पहिला बारावी पास माणूस तो. शर्ट-पँट घालून तहसिलात जाणारा, साहेबापुढं खुर्ची ओढून बसणारा पहिला माणूसही तोच. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी आक्का त्याला 'अभ्या' म्हणायची आणि तो तिला 'वैनी'. वस्तीत कुणाचाही कागद आला की आधी अभिमन्यूकडं जायचा. आक्काच्या घरातलं देवाचं ताट पण दसऱ्याला त्याच्याच हातानं उचललं जायचं.

वस्तीच्या वरच्या अंगाला माळ आहे. आहे म्हणायची सवय जात नाही, होता. दीडशे एकराला थोडा कमी. कागदावर गायरान, सरकारचं. पण बारा घरांची मेंढरं किती पिढ्यांपासून पावसाळाभर तिथं चरतात, हे सांगणारा माणूसच आता मातीत आहे आणि ती मातीही त्याच माळावरची आहे. मधोमध एक हिवराचं झाड, झाडाखाली शेंदूर नसलेला, नुसत्या हळदीनं पिवळा पडलेला बिरोबाचा दगड. कोकराची पहिली लोकर कातरली की आधी त्या दगडापुढं ठेवायची आणि मग उरलेलीला हात लावायचा. झाडापासून हाकेच्या अंतरावर कोंडीबाला मूठमाती दिली. दिवाळी झाली की माळाला पाठ करून निघायचं, बागाईत मुलखात शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांना खत, आपल्याला ज्वारी, आणि मृगाची चाहूल लागली की परत माळावर. ज्या वर्षी मेंढरं माळ सोडून जात नाहीत त्या वर्षी गवत उगवायचं कुठून? माळाला आठ महिने विसावा लागतो. ही गोष्ट वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळते आणि शिकलेल्या माणसाला काही केल्या कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी सोलरवाल्या कंपनीची माणसं माळ मोजायला आली. वस्तीनं त्यांच्या खुणेच्या काठ्या उपटल्या. मग गायरान बचाव समिती झाली आणि अध्यक्ष कोण होणार हे विचारायची गरजच नव्हती. अभिमन्यूनं काय मोर्चा काढला! सहाशे मेंढरं तहसिलाच्या आवारात नेऊन कोंडली. एक एडका थेट पायऱ्या चढून आत गेला आणि नोटीस बोर्डावरचे दोन कागद खाऊन बाहेर आला. पेपरात फोटो आला त्यात अभिमन्यू पुढं आणि त्याच्यामागं आक्का, खांद्यावर घोंगडी, कपाळ पिवळंधमक. तो फोटो तिनं देवळीत लावला.

त्या मोर्चानं एवढं झालं की चौकशीचा हुकूम निघाला. अभिमन्यूनं वस्तीला बसवून समजावून सांगितलं. साहेब माळावर येणार, पंचनामा करणार. माळ मेंढपाळांच्या नेहमीच्या वापरात आहे असं ठरलं तर तो चराईला राखीव होईल, कायमचा. वापरात नाही असं ठरलं तर पडीक म्हणून कंपनीला जाईल. "वस्तीच्या वतीनं कुणी तरी एकानं सांगायचं हाय," तो म्हणाला, "आन ते वैनीच सांगल. तिच्या शब्दावर सांगोल्याचा बाजार चालतोय."

आक्काला त्या रात्री झोप लागली नाही. भीतीनं नव्हे, अभिमानानं.

श्रावणातला दिवस होता. माळावर पवन्या गवत गुडघाभर वाढलं होतं. सकाळी आक्काची नात रेश्मा, जी गावात अंगणवाडी चालवते आणि जिला कागदाचा वास दुरून येतो, आजीची वेणी घालता घालता म्हणाली, "आजी, आज कपाळ पुसून जा."

"का गं?"

"साहेब म्हंजी बाजारच की. जेवढं इचारंल तेवढंच सांग. जास्तीचं खरं बोलू नगंस."

"बाजाराला चाललीय का मी?" आक्का उसळली. "आपल्या देवाच्या दारात, आपल्या माळावर उभी ऱ्हाणार हाय. तितं कपाळ पुसून जाऊ? तुज्या आज्याला काय तोंड दावू?"

रेश्मानं वेणीची गाठ मारली. तिनं आणखी दोन शब्द बोलायला हवे होते, असं तिला आजही वाटतं.

साहेब भला माणूस होता, हे सांगितलं पाहिजे. चप्पल काढून देवापुढं गेला, हात जोडले, हिवराखाली घोंगडीवर मांडी घालून बसला. बारा घरं भोवती. अभिमन्यू पुढं आला, आक्काच्या कमरेची पिशवी त्यानं मागून घेतली आणि चिमूटभर भंडारा तिच्या कपाळावर आधीच्या भंडाऱ्यावर आणखी दाबून लावला. "साहेब," तो म्हणाला, "आमच्यात हा भंडारा कपाळाला असला की माणूस मेला तरी खोटं बोलत नाही. आता तुम्ही ऐकाल ते शपथेवरचं समजा."

साहेबानं विचारलं, किती वर्षं इथं मेंढरं चारता? आक्कानं सांगितलं, सासऱ्याच्या आज्याचं नाव ठावं हाय, त्याच्या मागलं न्हाय. देव कधीचा? देव माळाच्या आधीचा. माणसं कुठं पुरता? तिनं हात करून दाखवलं. साहेब भराभरा लिहीत होता आणि आक्काला वाटत होतं, लिही बाबा, सगळं लिही. साहेबानं पेनाला टोपण घालायला घेतलं. काम झालंच होतं.

तेव्हा अभिमन्यू म्हणाला, "वैनी, येक ऱ्हायलं. आपुन बारा म्हैने हितं असतो का गं?"

आता या प्रश्नाचं उत्तर कपाळ पुसलेला माणूस कसं देईल? तो म्हणेल, असतो की. किंवा म्हणेल, खोकून घेतो जरा, आणि तेवढ्यात विषय निघून जाईल. पण आक्काच्या कपाळावर दोन बोटं जाड भंडारा होता आणि प्रश्न तिच्या अभ्यानं विचारला होता. शिवाय धनगराच्या बाईला, तू हिंडतेस का, असं विचारणं म्हणजे तिच्या घराण्याची थोरवीच विचारणं. ती खुलली.

"बारा म्हैने? न्हाय बा! घर धरून बसाया आमी काय कुणबी हाय व्हय? दिवाळी झाली की निघालो. माढ्याकडं, भीमंच्या काठानं, उसाच्या रानात. मिरगापातुर तिकडंच. म्या बावन्न वर्सं चाललीया, साहेब."

साहेबानं टोपण पुन्हा काढलं. "म्हणजे आजी, आठ महिने माळ रिकामा असतो?"

"रिकामा कसा? देव असतोय की. गवात दमानं वाढत असतंय."

"पण माणूस? मेंढरं?"

काही तरी पायाखालून सरकलं असं आक्काला वाटलं, पण ते काय हे कळेना. "मानूस न्हाय," ती म्हणाली. "मेंढरं बी न्हाईत."

साहेबानं लिहिलं. आक्कानं सही केली. अभिमन्यूनंच तिला शिकवलेली, पाच अक्षरांची. उठताना अभिमन्यू तिच्या पाया पडला. "लई खरं बोललीस, वैनी." आणि ती वेडी बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तूच वाढवलास रं माजा मान."

त्या दिवाळीला बारा घरं नेहमीप्रमाणं निघाली. माघात भीमाकाठच्या एका रानात खांड बसली असताना रेश्माचा फोन आला. माळाला तारेचं कुंपण पडत होतं. आक्का मुलाच्या हाती मेंढरं सोपवून एसटीनं परत आली, तेव्हा हिवराच्या पलीकडं लोखंडी खांबांच्या रांगा उभ्या होत्या. रेश्मानं पंचनाम्याची नक्कल मिळवली होती. तिनं ती सगळी वाचली नाही, एकच ओळ वाचली. सदर जमीन वर्षातील आठ महिने वापराविना पडीक असते, असे मेंढपाळांच्या ज्येष्ठ प्रतिनिधी वच्छलाबाई यांनी धार्मिक शपथेवर स्वतः सांगितले आहे.

आक्कानं दोनदा विचारलं, "माजं नाव हाय त्यात?"

कुंपणाची बातमी ऐकून वस्ती या वर्षी लवकरच परत आली आणि वस्तीनं आक्काशी बोलणं टाकलं. उघड भांडण कुणी केलं नाही. भांडण परवडतं. पाण्याच्या टँकरशी ती घागर घेऊन गेली की बायका आपसातलं बोलणं थांबवायच्या, तिला नंबर पुढं द्यायच्या आणि ती गेली की पुन्हा बोलायला लागायच्या. 'आक्कानं माळ घालवला.' हे वाक्य तिच्या कानावर कुणी घातलं नाही, पण ते तिला ऐकू आलं. माळ गेला तो गेलाच. बावन्न वर्षं न पुसलेलं कपाळही गेलं. तिला बाजारात जायची लाज वाटू लागली.

अभिमन्यूचं नाव कुणी घेतलं की मात्र ती चवताळायची. "त्येनं भाबडेपणानं इचारलं. त्येला काय ठावं साहेब आसं लिवंल?" स्वतःच्या डोक्यावर घेतलेला दोष तिला जड नव्हता. तो अभ्याच्या डोक्यावर गेला तर तिला सोसला नसता.

वैशाखात रेश्मानं दुसरा कागद आणला. माहितीच्या अधिकारात मागवलेला, तीन महिने खेटे घातल्यावर मिळालेला. गायरान बचाव समितीचं कंपनीला पत्र. समितीची हरकत नाही, स्थानिकांना रोजगार द्यावा, सुरक्षारक्षक पुरवायचं कंत्राट समितीनं सुचवलेल्या माणसाला द्यावं. खाली अध्यक्षाची सही. सुचवलेला माणूस म्हणजे अभिमन्यूचा थोरला मुलगा. आणि तारीख आषाढातली. साहेब माळावर आला त्याच्या महिनाभर आधीची.

"आजी, तारीख बघ," रेश्मा म्हणाली. "त्येला पंचनामा तसाच पायजे होता. तू कपाळाला लावून खोटं बोलत न्हाईस, हे सगळ्या दुनियेत येकाच माणसाला नेमकं ठावं हुतं. त्येनं तुज्याकडनंच माळ काढून घेतला."

आक्कानं कागद हातात घेतला. अक्षरं तिला येत नव्हती, पण ती सही ती ओळखत होती. वसतिगृहातून आलेल्या पहिल्या पत्राखाली हीच सही होती, तेव्हा जरा वाकडी. तिनं त्या सहीवरनं अंगठा फिरवला. मग म्हणाली, "कागुद काय बी बोलतोय. मी त्येलाच इचारीन."

"तो खरं सांगल व्हय?"

"भंडारा लावून इचारीन," आक्का म्हणाली.

मृग लागला. माळावर मेंढरं घालण्याआधी बारा घरं देवाकडं जातात आणि वस्तीतलं वयानं सर्वांत थोर माणूस एकेकाला भंडारा लावतं, ही रीत. या वर्षी मेंढरं खालीच कोंडलेली होती. वर जायला लोखंडी फाटक होतं, फाटकावर वही होती आणि वहीत नावं लिहून घेणारा रक्षक वस्तीतलाच होता, त्यामुळं तो मान वर करत नव्हता. कंपनीनं मोठ्या मनानं देवदर्शनाला दोन तास दिले होते. चहूबाजूंनी सोलरच्या काचांच्या रांगा, मधे हिवर, हिवराखाली देव. कोंडीबाची जागा काचांच्या खाली कुठं तरी होती. अंदाजानं आक्कानं तिकडं तोंड करून हात जोडले.

अभिमन्यू आला. पांढरा सदरा, हातात फाटकाची किल्ली. यायची त्याला गरज नव्हती, पण देवाला येणं त्यानं कधी चुकवलं नव्हतं. माणूस किती चमत्कारिक असतो! आक्का एकेकाच्या कपाळाला भंडारा लावत होती. बोलत नव्हते तेही येऊन वाकत होते, कारण थोर माणूस तीच होती. शेवटी अभिमन्यू पुढं आला आणि लहानपणी वाकायचा तसाच, मान एकीकडं कलती करून वाकला.

आक्कानं भंडारा लावला. चांगला दाबून, दोन बोटं. आणि त्याला उठू न देता, हळूच नव्हे, बारा घरांना ऐकू जाईल असं विचारलं, "अभ्या, त्या दिशी तू मला जाणून इचारलंस का रं? बारा म्हैन्याचं?"

अभिमन्यू सरळ उभा राहिला. तो काचांकडं बघत होता, मग देवाकडं, मग खाली. आक्का त्याच्या तोंडाकडं बघत होती. नुसतं 'व्हय' म्हण, तिला वाटत होतं. व्हय म्हण, पोटासाठी केलं म्हण, पोरासाठी केलं म्हण, माळ तसाही जाणारच होता म्हण. मी तुला घोडीवर बांधून नेलाय, आणखी एवढं ओझं मला जड नाही. खरं बोल फक्त.

अभिमन्यूनं खिशातून रुमाल काढला. कपाळ पुसलं. एकदा पुसून पिवळेपण राहिलं म्हणून पुन्हा पुसलं, रुमालाची घडी घालून खिशात ठेवली, आणि मग तिच्याकडं बघून म्हणाला,

"न्हाय, वैनी. माज्या मनात काय बी नव्हतं."

बारा घरांनी ते बघितलं. त्यांतली एक म्हातारी आक्काच्या जवळ येऊन तिचा हात धरू लागली, पण आक्कानं हात सोडवून घेतला. आता कुणी काही म्हटलं तरी तिला काय होतं? तिनं पिशवीचं तोंड आवळलं, ती कमरेला खोचली आणि रेश्माच्या हातातली कोकराची पहिली लोकर घेऊन दगडापुढं ठेवली. दोन तासांतला अजून बराच वेळ बाकी होता, पण ती फाटकाकडं चालू लागली.